बदामी रंगाचा नमुना उजेडात बघण्याची सोय हवी

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नवरात्र तोंडावर आले आहे आणि कोल्हापुरात घरोघरी दसरा काढायला सुरुवात झाली आहे. वाकळा आणि चादरी धुऊन गच्च्यांवर पडल्या आहेत, आणि ज्यांना जमते ते याच दिवसांत भिंतींवरही रंगाचे दोन हात मारून घेत आहेत. अशा वेळी आपल्या पुरवणीत घराच्या रंगकामावर एक पान आले, ते मी आवडीने वाचले. त्यातील एका वाक्याशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही. रंग ठरत नसेल तर सरळ बदामीच्या जवळपासचा, म्हणजे हल्ली ज्याला बेज म्हणतात तो रंग घ्यावा, तो कधी चुकत नाही, अशा अर्थाचे ते वाक्य होते. माझा अनुभव उलट आहे. हिरवा किंवा निळा चुकला तर काय चुकले ते निदान बोट ठेवून सांगता येते. बदामी चुकला की खोलीत काहीतरी बिनसले आहे एवढेच वाटत राहते, आणि तोवर चार-चार लिटरचे दोन डबे भिंतीवर गेलेले असतात.

हे मी केवळ घर रंगवून घेणारी बाई म्हणून लिहीत नाही. महाद्वार रोडलगतच्या एका बोळात आमचे ब्लाउज पीसचे मॅचिंग सेंटर आहे आणि गेली २२ वर्षे मी तिथे गल्ल्यावर आणि कपाटापुढे, दोन्हीकडे उभी असते. टू बाय टू रुबियाचे जे ताके आमच्याकडे रचलेले आहेत, त्यांत धड पांढरे नाहीत आणि धड तपकिरी नाहीत असे सोळा आहेत. गिऱ्हाईक त्यांना क्रीम, मोतिया, बदामी, बिस्किट, श्रीखंडी, हस्तिदंती, चिकू अशा नावांनी मागते, आणि तोच ताका एकीला बदामी तर दुसरीला बिस्किट वाटतो. मोरपंखी किंवा राणी रंगाची साडी घेऊन आलेली बाई पाच मिनिटांत बाहेर पडते. क्रीम रंगाच्या साडीवर ब्लाउज शोधणारी अर्धा तास घेते, आणि तो अर्धा तास वाया गेला असे मला कधी वाटलेले नाही. यासाठी आमची एक ठरलेली रीत आहे. निवडता निवडता दोनच ताके उरले की आमच्याकडची मुलगी ते दोन्ही हातांवर घेते, साडीचा पदर खांद्यावर टाकते आणि गिऱ्हाइकाला घेऊन पायरी उतरून सरळ रस्त्यावर जाते. “आत नका बघू ताई, बाहेर उजेडात बघा,” हे वाक्य मॅचिंगच्या कोणत्याही दुकानात दिवसातून पन्नास वेळा ऐकू येईल. आत ट्यूबलाइटखाली जो ताका साडीत विरघळून गेल्यासारखा वाटत होता, तोच बाहेर उन्हात साडीपासून फटकन वेगळा पडतो. आयुष्यभर हे पाहिलेल्या बाईने स्वतःच्या घराचा रंग मात्र दुकानाच्या काउंटरवर, कार्डावर बोट ठेवून ठरवला, ही कबुली आधीच देऊन टाकते.

मंगळवार पेठेत आमचे जुने घर आहे. रंगवायची होती ती मागची खोली, दहा बाय बारा फुटांची, उत्तरेला एकच खिडकी, खाली शहाबादी फरशी आणि सासऱ्यांच्या वेळचा सागवानी पलंग. रंगाच्या दुकानात काउंटरवर शेड कार्डाचा पंखा उघडला गेला. दुकान कोणते ते सांगण्याचे कारण नाही, कारण त्यांनी काही फसवले नाही. एकेका पट्टीवर सात-सात बदामी चौकोन होते, प्रत्येक पोस्टाच्या तिकिटाहून थोडा मोठा. त्यांतले तीन मी बाजूला काढले, मग दोन, मग एक. दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र एलईडीखाली तो चौकोन मला केशर न घातलेल्या बासुंदीसारखा वाटला. चौथ्या दिवशी पेंटरने दुसरा हात संपवला, दिवसभर पंखा लावून भिंत वाळली, आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर माझ्या जावेने दारातूनच विचारले, “अक्का, गुलाबी रंग का घेतलासा?” मी डब्याच्या झाकणावर लावून दिलेला रंगाचा ठिपका आणि कार्डावरचा चौकोन दुसऱ्या दिवशी गच्चीवर नेऊन ताडून बघितले. दोन्ही तंतोतंत जुळत होते. म्हणजे दुकानातले रंग मिसळणारे मशीन चुकले नव्हते, शेडचा नंबर चुकला नव्हता. भिंत मात्र सोलकढीत चहा सांडावा तशी दिसत होती.

असे का व्हावे याचा विचार करताना मला आधी आजोळची चुन्याची बादली आठवली. कळीचा चुना भिजवून, गाळून घ्यायचा, त्यात पिवडी घालायची, चिमूटभर काव घालायची, भिंत अंगाला लागू नये म्हणून थोडा सरस किंवा डिंक, आणि रंग फारच पिवळा झाला तर किंचित काजळी. पिवडी ही पिवळी माती आणि काव ही तांबडी माती, आणि दोन्हींचा रंग लोखंडाच्या ऑक्साइडमुळे येतो. आजचे मशीन मुळात हेच करते. टायटॅनियम डायऑक्साइडने पांढरा केलेला बेस डब्यात असतो, आणि संगणकाने सांगितलेल्या मापाने मशीन त्यात पिवळ्या ऑक्साइडचे, तांबड्या ऑक्साइडचे आणि काळ्याचे थेंब सोडते. कार्डावरचे बहुतेक बदामी या तिघांच्याच कमी-जास्त मापाने झालेले असतात, म्हणून ते एकमेकांच्या इतके जवळ असतात. पिवळा वरचढ झाला की श्रीखंडी होतो, तांबडा वरचढ झाला की गुलाबीकडे जातो, काळा वाढला की राखाडी दिसतो. पिवळ्यात काळा जरा जास्त पडला तर हिरवट झाक येते, कारण पिवळा आणि काळा मिळून शेवाळी होतो, हे शाळेत रंगपेटी हाताळलेल्या कोणालाही आठवेल.

कोल्हापूरकरांना ही झाक समजावून सांगायला पांढऱ्या रश्श्यासारखे दुसरे उदाहरण नाही. तो म्हणायला पांढरा. खसखस, तीळ, काजू आणि नारळाचे दूध यांच्या प्रमाणाप्रमाणे दर घरी त्याचा रंग निराळा असतो, आणि शुभ्र पांढरा रस्सा मी तरी कोठे पाहिलेला नाही. वाटीत एकटा असेपर्यंत त्याच्या रंगाविषयी कोणी शंका घेत नाही. वाढताना तांबड्याच्या कटाचा एक थेंब त्यात उडाला आणि मिसळून गेला, तरी ती वाटी एकटीच असेल तर जेवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. शेजारी थेंब न पडलेली वाटी ठेवली की लगेच येते. बदामी रंगात असा एखादा थेंब नेहमी असतोच, आणि तो कशाचा आहे हे ओळखल्याशिवाय दोन बदामींत निवड करता येत नाही. त्यासाठी चौकोन कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवावा, किंवा दोन चौकोन एकमेकांना भिडवून बघावेत. एकटा असताना साळसूद दिसणारा रंग दुसऱ्याशेजारी बसला की आपली झाक लपवू शकत नाही. दुकानात मी अस्तराच्या शुभ्र कापडावर ताका टाकते तो याचसाठी. कार्डाच्या पट्टीवर मात्र सातही चौकोन एकाच घराण्याचे, एकीकडून दुसरीकडे गडद होत जाणारे असतात, त्यामुळे पट्टीभर जी गुलाबी झाक आहे ती पट्टीत राहून दिसतच नाही. ती बघायला दुसरी पट्टी शेजारी धरावी लागते. मी ती धरली नव्हती.

दुकानातला उजेड आणि घरातला उजेड यांचीही गाठ कधी पडत नाही. भिंत स्वतःचा रंग तयार करत नाही, तिच्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग ती परत पाठवते, आणि उजेडातच जो रंग कमी आहे तो ती कोठून आणणार? एलईडीच्या खोक्यावर ३०००, ४००० किंवा ६५०० असा आकडा आणि पुढे के, म्हणजे केल्विन, असे छापलेले असते. आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर, जितका लहान तितका पिवळा. रंगाची दुकाने बहुधा ६५०० च्या निळसर-पांढऱ्या दिव्यांनी लखलखीत असतात आणि त्या उजेडात बदामीतली तांबडी झाक दबून जाते. माझ्या मागच्या खोलीत ३००० चा पिवळा दिवा होता. त्याने ती झाक हात धरून बाहेर आणली. खोक्यावर आणखी एक आकडा असतो किंवा असावा, तो सीआरआय. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे तो सांगतो. जुन्या काचेच्या बल्बचा तो १०० धरतात, साध्या एलईडीचा ८० च्या आसपास असतो. साध्या एलईडीचा मूळ उजेड निळा असतो आणि पिवळ्या लेपातून बाकीचे रंग काढलेले असतात, त्यामुळे गडद तांबड्याच्या बाजूला तो कमी पडतो. ज्या घरात सगळ्या भिंती बदामी करायच्या आहेत त्यांनी ९० च्या वरचा दिवा घेतला तर तो खर्च वाया जाणार नाही.

दोन वस्तू एका उजेडात हुबेहूब जुळतात आणि दुसऱ्या उजेडात एकमेकींशी फटकून वागतात, याला मेटामेरिझम असे नाव आहे. हा शब्द मला अलीकडे कळला, गोष्ट २२ वर्षे माहीत होती. एकच रंग वेगवेगळी द्रव्ये वापरून साधलेला असला की असे होते. भिंतीच्या रंगात ऑक्साइडची द्रव्ये आणि पडद्याच्या कापडात रासायनिक रंग असतात, म्हणून भिंतीला जुळणारा बदामी पडदा घेणाऱ्याने तो दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा भिंतीला लावून बघावा, नाहीतर सकाळी जुळलेला पडदा रात्री परका दिसेल.

खिडकीच्या दिशेबद्दलही लिहायला हवे, कारण मासिकांतून आणि मोबाइलवरून जे सल्ले आपल्याकडे येतात ते बरेचसे थंड देशांतल्या घरांसाठी लिहिलेले असतात. उत्तरेच्या खिडकीतून कधीच ऊन येत नाही, तो उजेड थंड आणि एकसारखा असतो, असे त्यांत असते. लंडनमध्ये ते बऱ्याच अंशी खरे असेल. कोल्हापूर उत्तर अक्षांशाच्या साधारण १६.७ अंशांवर आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ माझ्या त्या खिडकीतून तिरके ऊन पलंगाच्या पायापर्यंत येते. जूनच्या मध्यापासून ढग दाटले की तीच खोली तीन महिने राखाडी उजेडात असते. दिवाळीनंतर पुन्हा ऊन नसलेला पण स्वच्छ उजेड येतो. एकाच खिडकीचे हे तीन उजेड, आणि तिघांत बदामी तीन प्रकारचा दिसतो. पश्चिमेच्या खिडकीची गोष्ट तर या गावाला वेगळी सांगायला नको. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीचा सूर्य नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर गाभाऱ्यात येतो, एरवी येत नाही, हे इथे लहान मुलालाही ठाऊक आहे. डिसेंबरच्या २१-२२ तारखेच्या आधी आणि नंतर सारख्याच अंतरावर सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो म्हणून तसे होते. आपल्या घराच्या पश्चिमेच्या खोलीतही ऊन असेच वर्षभर भिंतीवरून सरकत असते, आणि त्या नारिंगी उन्हात श्रीखंडी बदामी घेतला तर संध्याकाळी पाच वाजता भिंत आंब्याच्या रसासारखी होते. पश्चिमेला राखाडीकडे झुकलेला आणि ढगाळ उजेडाच्या खोलीला पिवळ्याकडे झुकलेला बदामी घ्यावा, असे माझे आता मत झाले आहे. ते मी कोणाच्या अंगावर लादणार नाही.

माझ्या खोलीत आणखी एक भानगड होती, ती खिडकीबाहेर. समोर आठ फुटांवर शेजाऱ्यांची भिंत पोपटी आहे. दुपारी तिच्यावर ऊन पडले की हिरवट उजेड आमच्या खिडकीतून आत येतो. गुलाबी झाकेवर हिरवा उजेड पडला की दोघे एकमेकांना मारतात, म्हणून माझी भिंत दिवसा मळकट आणि रात्री गुलाबी दिसत असे. हे कळायला मला पंधरा दिवस लागले. शेजाऱ्यांचा काही दोष नाही. उलट त्यांच्या भिंतीवर आमच्या घराचे काय जात असेल याचा मी कधी विचार केला नव्हता.

शेजारचा रंग आपल्या रंगाला बदलतो, ही गोष्ट नीट मांडली ती शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. पॅरिसच्या गोबेलँ या भित्तिपटांच्या कारखान्यात तो रंगाईचा प्रमुख होता. तिथला काळा धागा फिका पडतो अशी तक्रार आली. त्याने तपासले तर धाग्याच्या रंगात खोट नव्हती, निळ्या आणि जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणल्यामुळे तो काळा कमजोर दिसत होता. १८३९ साली त्याने त्यावर सविस्तर लिहून प्रसिद्ध केले. मॅचिंगच्या धंद्यातली बाई म्हणून मला या माणसाविषयी फार जवळीक वाटते, कारण “तुमचा रंग गेला” अशी तक्रार घेऊन येणाऱ्या निम्म्या बायकांच्या ब्लाउजचा रंग गेलेला नसतो, त्यांनी साडी बदललेली असते. आमच्या खोलीत निळसर राखाडी शहाबादी फरशीशेजारी बदामी होता त्याहून जास्त उबदार दिसत होता आणि तांबूस सागवानी पलंगामागे तोच जरा उतरलेला. म्हणून रंग निवडताना फरशीचा एखादा तुकडा, पडदा, उशीचा अभ्रा, जे बदलणार नाही ते जवळ असलेच पाहिजे. रिकाम्या काउंटरवर निवडलेला रंग रिकाम्या काउंटरलाच शोभतो.

आकाराचेही तसेच. तिकिटाएवढा चौकोन आणि दहा फुटांची भिंत यांत रंग एकच असला तरी भिंतीवर तो जास्त चढलेला वाटतो. खोलीत तर चार भिंती समोरासमोर असतात. एकीवरून निघालेला बदामी उजेड दुसरीवर पडतो, तिथून आणखी थोडा बदामी होऊन परत येतो, आणि असे होत होत खोलीतला उजेडच रंगून जातो. कार्डावर जो रंग मनात भरतो त्याच्यापेक्षा एक पायरी मळकट घ्यावा, असे माझ्या पेंटरने खोली दुसऱ्यांदा रंगवताना सांगितले ते या कारणाने बरोबर होते. एक आकडा इथे उपयोगी पडतो, तो म्हणजे एलआरव्ही, पडलेल्या उजेडापैकी किती परत येतो याचे माप. काळा शून्याजवळ, पांढरा शंभराजवळ, फिके बदामी साधारण ६० ते ७५ च्या दरम्यान. वेगवेगळ्या पट्ट्यांवरचे दोन बदामी डोळ्यांना सारखेच वाटले आणि त्यांच्या या आकड्यात सहा-सातचा फरक असला, तर एकच खिडकी असलेल्या खोलीत संध्याकाळी तो फरक दिवा लवकर लावायला लावतो. हा आकडा कंपन्या जाहीर करतात, पण काउंटरवर विचारणारे गिऱ्हाईक मी अजून पाहिलेले नाही.

ओल्या रंगावरून तर मत बनवूच नये. इमल्शन, म्हणजे हल्लीचा डब्यातला भिंतीचा रंग, ओले असताना दुधट दिसते आणि वाळल्यावर गडद होते. चुना याच्या अगदी उलट, ओला असताना अंगचा रंग दाखवतो आणि वाळला की पांढरा पडतो. आजीच्या हाताखाली शिकलेल्या माझ्यासारख्या बायकांचा अंदाज म्हणूनच उलटा पडतो. चकाकी असलेल्या रंगावर खिडकीचे प्रतिबिंब पडते आणि त्याच नंबरचा मॅट रंग शांत दिसतो, तेव्हा नमुना ज्या प्रकारचा तोच प्रकार भिंतीला घ्यावा.

दुसऱ्या वेळी मी काय केले ते थोडे सविस्तर लिहिते, कारण ते कोणालाही करता येईल. दोन बदामींचे एक-एक लिटरचे डबे घेतले. तिसराही मनात होता, पण परवडत नव्हते. स्टेशनरीच्या दुकानातून पूर्ण आकाराची पांढरी जाड कार्डशीट आणली आणि प्रत्येकीवर रोलरने दोन हात दिले, कडेने दोन बोटे पांढरा काठ सोडून. काठ अशासाठी की जुन्या गुलाबी भिंतीशी नव्या रंगाची थेट गाठ पडू नये, नाहीतर शेव्रलची तक्रार पुन्हा आली असती. एक दिवस पूर्ण वाळू दिल्यावर शीट भिंतीला चिकटपट्टीने उभी लावली. टेबलावर आडवी ठेवून बघण्यात अर्थ नसतो, कारण आडव्या पृष्ठावर उजेड जास्त पडतो आणि भिंत आडवी नसते. चार दिवस ती दोन शीट मी खोलीभर फिरवली: खिडकीशेजारी, खिडकीसमोर, पलंगामागे, आणि शेवटी कोपऱ्यात, जिथे दोन भिंती एकमेकींना रंग देतात. सकाळी साडेसातला, दुपारी एकला, साडेपाचला आणि रात्री दिवा लावून, असे चार वेळा बघायचे आणि कॅलेंडरच्या चौकोनात एक शब्द लिहायचा. पहिल्या शीटसमोर ‘श्रीखंड, हिरवट, बरा, पिवळा’ असे शब्द जमले. दुसऱ्या शीटसमोर ‘गव्हाळ, गव्हाळ, राखाडी, गव्हाळ’. कार्डावर हा दुसरा सगळ्यांत नीरस चौकोन होता आणि दुकानातल्या माणसाने, “वहिनी, हा जरा डल पडंल,” असे सांगून त्याच्यावरून माझे लक्ष उठवायचा प्रयत्नही केला होता. भिंतीवर तो पांढऱ्या घोंगड्यासारखा दिसतो. घोंगड्याची उपमा मी सहज दिली होती, पण नंतर कळले की बेज हा फ्रेंच शब्द मुळात न रंगवलेल्या लोकरीच्या कापडासाठी वापरत.

यावरून नावांचा विषय निघतो. कार्डावरची नावे इंग्रजी असतात आणि त्यांचा रंगाशी संबंध लागत नाही. वाळूच्या, वाऱ्याच्या, कोणत्या तरी समुद्रकिनाऱ्याच्या नावाने तीन बदामी शेजारी-शेजारी बसलेले असतात आणि आपण नाव आवडले म्हणून रंग घेऊन येतो. आपल्याकडे बदामी, मोतिया, हस्तिदंती, श्रीखंडी, बिस्किटी, गव्हाळ, चंदनी, केतकी, मातकट असे इतके शब्द आहेत की त्यांतला प्रत्येक शब्द झाक कोणत्या बाजूची आहे तेही सांगतो. श्रीखंडी म्हटले की पिवळा, गव्हाळ म्हटले की तांबूस, मातकट म्हटले की काळा वाढलेला. मळखाऊ हा शब्द तर बदामीच्या सगळ्या घराण्यालाच लागू आहे, आणि आपली माणसे हा रंग घेतात त्याचे खरे कारणही बऱ्याचदा तेच असते, ते कोणी कबूल करत नाही एवढेच. शेड नंबर कार्डावर राहू द्यावा, तो हवाच. पण काउंटरवर बोलताना आपले शब्द वापरले तर दोघांनाही आपण एकाच रंगाविषयी बोलत आहोत याची खात्री होईल. ज्या गावात शाहू मार्केट यार्डात गुळाच्या रव्याचा रंग बघून भाव बोलला जातो, त्या गावाच्या डोळ्यांना हे अवघड नाही.

शहरातील रंगविक्रेत्यांना माझी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे की त्यांनी शेड कार्ड आणि झाकणावरचा ठिपका दुकानाबाहेर, सावलीतल्या उजेडात नेऊन बघण्याची मुभा गिऱ्हाइकाला आपणहून द्यावी. पायरीवर एक पांढरी फळी टेकवून ठेवली तरी काम भागेल. आत एका उघड्या खोक्यात ३०००, ४००० आणि ६५०० चे तीन दिवे बसवून प्रत्येकाला वेगळे बटण दिले, तर त्याचा खर्च एका मोठ्या डब्याच्या किमतीतही भागेल असा माझा अंदाज आहे, आणि घरात कोणता दिवा आहे ते विचारून त्याखाली नमुना दाखवता येईल. छोटे नमुन्याचे डबे ज्या कंपन्या काढतात त्यांचे ते ठेवावेत, कारण बदामीचा नमुना बघायला एक लिटर घ्यावा लागणे सामान्य माणसाला परवडत नाही. पेंटर मंडळींनी पॅच मारल्यावर तासाभरात “कसा वाटतो?” असे न विचारता दुसऱ्या दिवशी विचारावे.

आपल्याकडेही एक मागणे आहे. पुरवणीत रंगांचे जे चौकोन छापले जातात, त्यांच्याखाली एक ओळ द्यावी की हे छापील रंग केवळ कल्पना येण्यापुरते आहेत. वर्तमानपत्राचा कागद मुळात पांढरा नसतो, तो स्वतःच फिका राखाडी-बदामी असतो, आणि त्याच्यावर छापलेला बदामी हा दोन बदामींची बेरीज असतो. त्या पानाचे कात्रण घेऊन एक बाई आमच्या दुकानात पडद्याचे अस्तर जुळवायला आली होती. आठ दिवस ते तिने खिडकीत ठेवले होते, त्यामुळे उन्हाने कागदच पिवळा पडून चौकोन आणि त्याच्या बाजूची कोरी जागा यांत फरक उरला नव्हता. तिला मी शेवटी कोणता ताका दिला ते आठवत नाही, पण तो रस्त्यावर नेऊन दिला एवढे नक्की.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. : पहिल्या वेळचा दीड लिटर रंग उरला होता. जावेने तो तिच्या पूर्वेच्या खोलीत पलंगामागच्या भिंतीला लावून घेतला आहे. तिथे तो केशर न घातलेल्या बासुंदीसारखा दिसतो.